टॅरो आणि जुन्या आठवणी: कार्डाला काय विचारावं, काय विचारू नये

टॅरोची कार्डं समोर आली की माणूस पुढचं विचारतो. नोकरी लागेल का, घर होईल का, तो परत येईल का. मागचं बघण्यासाठी तीच कार्डं फार कमी लोक वापरतात, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात भरवशाचा उपयोग तोच आहे. त्यासाठी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. कार्ड आठवण जागी करू शकतं, पण त्या दिवशी नेमकं काय घडलं याची साक्ष देऊ शकत नाही. डेक, म्हणजे कार्डांचा पूर्ण जोड, कोणता घ्यावा इथपासून वहीत खुणा कशा कराव्यात इथपर्यंत पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

अचानक समोर आलेल्या शब्दाने आठवण जागी होते, हे इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ साली स्वतःवरच प्रयोग करून पाहिलं. त्यांनी ७५ शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले. चिठ्ठी पुस्तकाखाली अशी सरकवून ठेवायची की पुढे वाकल्याशिवाय शब्द दिसू नये. दिसला की मनात काय आलं ते लगेच टिपायचं. पूर्ण यादीवरून ते चार वेळा गेले. बरेच विचार पुन्हा पुन्हा तेच निघाले आणि त्यांतले कितीतरी लहानपणातले आणि तरुणपणातले होते. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत पुन्हा उचलली. एक शब्द द्यायचा आणि त्यावरून आयुष्यातला एक प्रसंग सांगायला लावायचा, ही चाचणी स्मृतीच्या अभ्यासात आजही वापरली जाते.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती आठवली, ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. प्रश्नातला एक शब्द बदलला आणि आठवणीत काच आली.

टॅरोचं कार्ड गाल्टनची चिठ्ठी होऊ शकतं आणि लोफ्टसचा प्रश्नही होऊ शकतं. त्याचं काय होईल ते वापरणाऱ्याच्या हातात असतं.

डेक कोणता

टॅरोची ७८ कार्डं असतात: मेजर अर्कानाची (टॉवर, मून, डेव्हिल अशी मोठी कार्डं) २२ आणि मायनर अर्कानाची (छोटी कार्डं) ५६. मायनरमध्ये वँड्स (काठ्या), कप्स, स्वोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) असे चार संच, प्रत्येकी १४ कार्डांचे. मुळात हा खेळायचा डेक. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो खेळायला वापरत होते. भविष्य सांगायला तो सर्रास वापरात आला अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. मार्सेय पद्धतीच्या जुन्या डेकमध्ये मायनरच्या एक ते दहा कार्डांवर नुसते मोजून कप किंवा तलवारी काढलेल्या असतात, माणसं नसतात. आठवणींच्या कामाला हे डेक जड जातात. १९०९ साली लंडनमध्ये रायडर कंपनीने छापलेल्या डेकसाठी आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रं काढली, तेव्हा या छोट्या कार्डांवरही पूर्ण प्रसंग आले. अंथरुणात उठून बसलेलं माणूस, बर्फातून चाललेले दोघं, होडीत पाठमोरी बसलेली बाई. आपल्याला हेच हवं असतं, कारण माणसाच्या पाठीवरून आणि हातांवरून आठवण जितकी चटकन येते तितकी सात तलवारींच्या नक्षीवरून येत नाही. त्यामुळे पहिला डेक रायडर-वेट किंवा त्याच्या वळणाचाच घ्या.

कार्डं साधारण १२ सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद असतात, त्यामुळे लहान हातांना ती खेळण्याच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. टेबलावर सगळी पालथी पसरून दोन्ही हातांनी गोल गोल कालवली तरी छान मिसळतात.

टॅरोसारखीच वापरली जाणारी दुसरी चित्रकार्डं म्हणजे ओरॅकल कार्डं. त्यांना ठरलेली रचना नसते. डेक काढणारा ठरवेल तितकी कार्डं, ठरवेल ते विषय. ४४ कार्डांचे डेक बरेच दिसतात. त्यांची अडचण संख्येची नाही, छापलेल्या मजकुराची आहे. कार्डावर ‘क्षमा’ असं लिहिलेलं असेल तर आठवण वर यायच्या आधीच निकाल लागलेला असतो: कोणीतरी चुकलं होतं आणि आता तुम्ही माफ करायचं आहे. ‘तुमच्या आतलं लहान मूल अजून दुखावलेलं आहे’ हे वाक्य तर कोणालाही लागू पडतं. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना ‘हे तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर दिला आणि तो किती जुळतो याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. म्हणून ओरॅकल कार्डाच्या शब्दावर कागदाची पट्टी टाकावी आणि फक्त चित्र बघावं. शब्द शेवटी वाचायचा, लिहून झाल्यावर. ज्या डेकमध्ये पट्टी टाकल्यावर बघण्यासारखं काही उरतच नाही, तो या कामाचा नाही.

बसण्याआधी

एका बैठकीला ४० मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ बसलं की आठवणी कमी होतात आणि विचार वाढतात. वही, पेन आणि डेक एवढंच जवळ असू द्यावं. डेकसोबत आलेली अर्थांची पुस्तिका दुसऱ्या खोलीत ठेवावी. ती हाताशी असली की उघडली जातेच.

विषय अरुंद घ्या. ‘माझं बालपण’ एवढा मोठा विषय घेतला की हाताला काहीच लागत नाही. ‘जुन्या घरातलं शेवटचं वर्ष’, ‘दहावीनंतरची सुट्टी’, ‘आजी आजारी होती ते महिने’ अशी एक जागा किंवा एक काळ पकडा. तिसऱ्या वर्षाच्या आतल्या आठवणी बहुतेकांना नसतात, त्यामुळे तिथे कार्ड टाकू नका. जे मिळेल ते ऐकलेलं किंवा रचलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दहा ते तीस वर्षांच्या दरम्यानच्या आठवणी मोठ्या वयात सगळ्यात दाट असतात. सुरुवात तिथून केली तर पद्धत लवकर हातात बसते.

पहिल्या काही बैठकींसाठी डेकमधून थ्री, नाइन आणि टेन ऑफ स्वोर्ड्स, फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स आणि टॉवर ही दुःखाची, पडझडीची चित्रं बाजूला काढून ठेवली तरी चालतं. यात फसवणूक काही नाही. आपल्याला कौल मिळवायचा नाहीये.

कार्ड काढल्यावर

कार्ड काढायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. जो प्रसंग आधीच ठाऊक आहे त्यासाठी सगळी कार्डं उलगडून बघत जावं आणि जे त्या प्रसंगाच्या जवळचं वाटेल ते निवडावं. कोणतं निवडलं, आणि कोणतं हातात घेऊन परत ठेवलं, हे दोन्ही लिहावं. परत ठेवलेलं पुष्कळदा जास्त बोलतं. न शोधता काही वर यावं असं वाटत असेल तर पालथ्यातलं एक काढावं. एकच. आवडलं नाही म्हणून दुसरं काढायचं नाही. मनाजोगतं येईपर्यंत काढत राहिलात तर जे आधीच ठरवलं होतं तेच शेवटी समोर येतं.

आता पहिली दोन मिनिटं आठवणीकडे जायचंच नाही. कार्डावर काय आहे ते नुसतं लिहायचं. कोण आहे, कुठे बघतंय, हात कुठे आहेत, जमीन कशी आहे, कोण पाठमोरं आहे.

सिक्स ऑफ कप्स घ्या, कारण ‘आठवणींचं कार्ड’ म्हणून सगळे याच्याकडेच बोट दाखवतात. पुस्तिकेत बहुतेक ‘गोड बालपण, निरागसता’ असं असतं. चित्र निवांत बघा. मोठा मुलगा लहान मुलीपुढे फुलांनी भरलेला कप धरतोय. समोर चार कप ओळीने, एक दगडी खांबावर. मुलीच्या हातात पांढरा हातमोजा आहे. आणि डावीकडे मागच्या बाजूला भाला घेतलेलं एक मोठं माणूस पाठ करून निघून चाललंय. या चित्रात मोठं असं तेवढंच एक माणूस आहे, आणि ते लांब जातंय. पुस्तिका वाचून आलेल्याला ते सहसा दिसतच नाही. पण ज्याच्या लहानपणी राखणीला असलेलं कोणीतरी असंच निघून गेलं, त्याची नजर तिथेच अडकते. तुमची नजर हातमोज्यावर अडकली तर हातमोज्यावरून लिहा. जिथे नजर थांबली तिथूनच सुरुवात करायची, कार्डाचा ‘खरा अर्थ’ काहीही असो.

मग आठवण. पंधरा-वीस मिनिटं, न थांबता, शुद्धलेखनाकडे न बघता. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘करायचो, जायचो’ मध्ये अडकणं. ‘सुट्टीत आम्ही खूप खेळायचो, संध्याकाळी सगळे गच्चीवर जमायचो’ ही अनेक दिवसांची सरासरी झाली. एका दिवसावर यायला हवं: ‘त्या संध्याकाळी मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो होतो, चप्पलेचा अंगठा तुटला होता, वरून कोणीतरी हाक मारली आणि मी ओ दिली नाही.’ ‘-यचो’ची ओळ आली की तिच्याखाली लगेच विचारा, यातला एक दिवस कोणता? नाही सापडला तर तसंच लिहा आणि पुढे जा. ओढून आणू नका. नैराश्याचा (डिप्रेशनचा) त्रास असणाऱ्यांना एका प्रसंगावर येणं जास्त अवघड जातं, असं अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा येत नसेल तर स्वतःला दोष देऊ नये.

लिहून झालं की समासात प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाकायचं. ‘आ’ म्हणजे स्वतःला आठवतंय. ‘ऐ’ म्हणजे कोणाकडून ऐकलंय किंवा फोटोत पाहिलंय. ‘अं’ म्हणजे अंदाज, असं झालं असावं. या तीन अक्षरांना दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि मला या सगळ्या पद्धतीतलं सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं. भरभरून लिहिलेल्या पानावर ‘आ’च्या चारच ओळी निघतात, असं पुष्कळदा होतं. त्या चार ओळी तुमच्या आहेत. बाकीचं घराने मिळून रचलेलं असतं. ते खोटं असतं असं नाही, पण ते कोणाचं आहे हे कळलेलं बरं.

आणखी एक बघण्यासारखं. त्या प्रसंगात तुम्ही स्वतःला बाहेरून बघताय का, की स्वतःच्या डोळ्यांतून? जुन्या आठवणींत माणसाला स्वतःची आकृती बाहेरून दिसते, असं पुष्कळदा होतं. तसं असेल तर समासात छोटा डोळा काढा. मग त्याच प्रसंगात जिथे तुम्ही होतात तिथून काय दिसलं असतं, हे वेगळ्या ओळीत लिहा. त्या ओळीपुढे मात्र ‘अं’च येईल.

स्प्रेड

स्प्रेड म्हणजे कार्डांची मांडणी, ज्यात प्रत्येक जागेला एक प्रश्न ठरलेला असतो. एका कार्डावर हात बसला की तीन कार्डांकडे जावं. पाचाच्या पुढे कधीच जाऊ नये. भूतकाळ, वर्तमान, भविष्य हा नेहमीचा स्प्रेड इथे कुचकामाचा आहे. मी सुचवेन ती मांडणी अशी: पहिलं कार्ड प्रसंगासाठी, दुसरं त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या माणसासाठी, म्हणजे ते कुठे उभं होतं आणि तिथून त्याला काय दिसत होतं, तिसरं त्यानंतर तुमच्या वागण्यात काय बदललं यासाठी. दुसऱ्या कार्डावर जे लिहाल ते सगळं ‘अं’ असतं, हे विसरू नका. दुसऱ्याच्या मनात काय होतं ते कार्डाला ठाऊक नसतं. त्या कार्डाने एवढंच साधतं की तुम्ही तुमच्या जागेवरून जरा हलता.

स्प्रेडमधली एक जागा मात्र कायमची काढून टाका: ‘मी काय विसरलोय’ किंवा ‘माझ्यापासून काय लपवलं गेलं’. बऱ्याच तयार स्प्रेडमध्ये ती असते आणि ऐकायला भुरळ पाडते. तिथे कार्ड पडलं की ते काहीतरी दाखवणारच. समजा डेव्हिल आलं, समजा सेव्हन ऑफ स्वोर्ड्स आलं, ज्यात एक माणूस तलवारी घेऊन चोरपावलांनी निघालाय. रिकाम्या जागेवर चित्र ठेवलं की मन तिथे प्रसंग रचतं आणि तो प्रसंग थोड्या दिवसांनी आठवणीसारखाच भासू लागतो. १९९५ साली लोफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची बनावट गोष्ट घरच्यांच्या हवाल्याने २४ जणांना दिली, तर ६ जणांनी ती पूर्ण किंवा थोडी तरी आठवते असं सांगितलं. त्यांच्या आयुष्यात ते घडलेलंच नव्हतं. त्याच कारणाने ‘त्याने हे केलं होतं का’ असला प्रश्नही कार्डाला विचारू नये. अशा उत्तरावरून घरं तुटतात.

फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळा झगा घेतलेला माणूस खाली बघतोय. समोर तीन कप सांडलेत, मागे दोन उभे आहेत, नदीपलीकडे घर आहे आणि तिकडे जायला पूल आहे. सगळे शिकवतात की मागचे दोन बघा. मी म्हणेन, घाई करू नका. सांडलेल्या तीन कपांत काय होतं ते आधी नावानिशी लिहा. ते न लिहिता मागे वळलात तर उभे कप नुसती समजूत ठरतात. घर बदलल्याच्या, गाव सोडल्याच्या आठवणींना सिक्स ऑफ स्वोर्ड्स फार चांगलं. होडीत सहा तलवारी रोवलेल्या आहेत, म्हणजे निघताना जे सोबत आलं ते काय, हा प्रश्न चित्रातच आहे. अर्धवट आठवणारं काही असेल तर द मून. तळ्यातून खेकड्यासारखा जीव अर्धाच बाहेर आलाय, आणि तो अर्धाच राहू द्यायचा असतो.

चित्राचं डोकं खाली येईल अशी उलटी पडलेली कार्डं सरळ करून घ्या. या कामात उलट-सुलटचा काही उपयोग नाही. पेज, नाइट, क्वीन, किंग ही कार्डं आली की ‘ही आईच’ असं लगेच चिकटवू नका. आधी बसण्याची ढब बघा, चेहरा कोणाचा ते नंतर.

दुसऱ्यासाठी बसताना

दुसऱ्याला आठवायला मदत करत असाल तर तुमचं काम तोंड मिटून ठेवायचं. ‘ही बाई दुःखी दिसतेय ना?’ म्हणालात की दुःख तुम्ही दिलंत. ‘यात काय काय दिसतंय?’, ‘मग?’, ‘तेव्हा तू कुठे होतास?’ एवढे प्रश्न पुरतात. ‘कोणी रागावलं होतं का?’ हाही नको. कार्डाचा अर्थ विचारला तर बैठक संपल्यावर सांगू म्हणावं. वहीत समोरच्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, तुमचे घालू नयेत. एकाच घरातली दोन माणसं एकाच प्रसंगावर बसणार असतील तर दोघांनी आधी वेगवेगळं लिहावं आणि मगच वाचून दाखवावं. नाहीतर जो आधी बोलतो त्याचीच आठवण दोघांची होते.

थांबायचं कधी

छाती धडधडायला लागली, हातपाय बधिर वाटले, तो प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटलं, तर लिहिणं तिथेच बंद. कार्ड पालथं करा, पाय जमिनीवर टेकवा, थंड पाणी तोंडावर घ्या, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा. पान पूर्ण करायचा हट्ट नको. मारहाण, अत्याचार, अपघात, अकाली मृत्यू अशा आठवणींवर एकट्याने कार्डं टाकू नयेत. त्यासाठी मानसोपचार करणारं माणूस समोर हवं. बैठकीनंतर दोन-तीन रात्री झोप उडाली, तर डेक कपाटात ठेवून त्यांच्याकडेच जावं.

एकाच प्रसंगावर रोज बसू नये. आठवण वर काढली की काही काळ ती बदलायला मोकळी असते. करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांच्या भीतीच्या आठवणीवर हे दाखवलं. माणसाच्या बाबतीत ते नेमकं कितपत लागू पडतं यावर वाद आहेत. तरी रोज उगाळलेली आठवण गुळगुळीत होते आणि तिचे कोपरे जातात, हे कोणालाही पडताळून बघता येईल. दोन बैठकींत निदान आठवडा जाऊ द्यावा.

उठताना कार्ड डेकमध्ये परत घालावं, टेबलावर उघडं ठेवू नये. पानावर तारीख, कार्डाचं नाव आणि विषय लिहावा. पुस्तिका बघायचीच असेल तर आता बघा आणि त्यातलं काही टिपायचं झालं तर पानाच्या तळाशी रेघ मारून त्याखाली. ज्या गोष्टी पडताळता येतात त्या पडताळाव्यात: शाळेचा दाखला, जुनं पत्र, फोटोच्या मागची तारीख. भावंडांना विचारताना आपली हकिकत आधी सांगू नये. ‘त्या वर्षी आपण कोणत्या खोलीत झोपायचो?’ असं मोकळं विचारावं. महिन्याभराने पान पुन्हा वाचताना काही ओळी चुकीच्या वाटतील. त्या खोडू नका. दुसऱ्या रंगाच्या शाईने शेजारी लिहा, त्या दिवसाची तारीख घाला, आणि समासातलं ‘आ’ आता ‘ऐ’ झालं असेल तर जुनं अक्षर दिसेल असं ठेवून पुढे नवं लिहा.